गणपतीच्या हातातलं स्विस घड्याळ

"अरे मेल्या, जावयाचं घड्याळ आहे ते! काढ आधी हातातून!"

आई ओरडली ती स्वयंपाकघराच्या दारातून. मी होतो कारखान्यात, म्हणजे अंगणापलीकडे. मधे पत्र्याची भिंत, वर पावसाचा ताशा आणि समोर गणपतींची गर्दी; पण आईचा आवाज या सगळ्यांना ओलांडून थेट माझ्या कानात आला. मी दचकलो. डावा हात झटकन मागे घेतला आणि तो मूर्ती ठेवायच्या लोखंडी मांडणीवर असा काही घासला, की ती 'खर्रर्र' पेणच्या एसटी स्टँडवर झोपलेल्या कंडक्टरलाही ऐकू गेली असावी. घड्याळाला ओरखडा पडला तो आईच्या ओरडण्यामुळे, असं माझं आजही म्हणणं आहे. आईचं म्हणणं वेगळं आहे, पण ते छापण्यासारखं नाही.

घड्याळ भाऊजींचं. भाऊजी म्हणजे आमच्या शैलाताईचे यजमान, रोह्याचे, धाटावच्या एका केमिकल कंपनीत सुपरवायझर. त्यांचे थोरले बंधू मस्कतला. त्यांनी हे स्विस घड्याळ आणून दिलं, त्या दिवसापासून भाऊजींचा उजवा हात निकामी झाला. पाणी मागायचं ते डाव्या हाताने, रस्ता दाखवायचा तो डाव्या हाताने, आणि देवाला नमस्कार करतानाही डावा हात उजव्याच्या चांगला वीतभर पुढे! शर्टाची बाही दुमडलेली, तीही फक्त डावी. कोणी वेळ विचारली नाही तरी ते सांगायचे. विचारली तर आधी मनगट झटकायचे, मग घड्याळ कानाला लावायचे, मग "स्विस आहे" म्हणायचे, आणि तोवर विचारणाऱ्याची गाडी निघून गेलेली असायची. घड्याळावरचं कंपनीचं नाव कोणालाच उच्चारता येत नव्हतं. (भाऊजींनाही नाही. त्या जागी ते खोकायचे.)

त्या वर्षी भाद्रपद अधिक आला होता. अधिक महिना म्हणजे जावयाचा महिना. त्याला घरी बोलवायचं, पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, तेहेतीस अनारसे द्यायचे आणि तो काहीही बोलला तरी हसायचं. तसे भाऊजी ताईला घेऊन पेणला आले. पण रिकाम्या हाताने नाही. माझ्यासाठी स्थळ घेऊन आले!

ही बातमी केवढी मोठी होती हे कळायला माझी अवस्था माहीत हवी. आमचा गणपतींचा कारखाना. पेणमध्ये यात मान आहे, पण लग्नाच्या बाजारात पंचाईत व्हायची. मुलीचे वडील विचारायचे, "मुलगा करतो काय?"

"गणपती," आमचे अण्णा सांगायचे.

"आणि ते झाले की?"

"पुढच्या वर्षीचे गणपती."

यावर मुलीचे वडील चहा अर्धा टाकून उठायचे. डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर लागलेली, माझ्या खांद्याला लागणारी पोरंसुद्धा मुंडावळ्या बांधून मोकळी झाली, आणि मी मात्र मुकुटांना सोनेरी लावत बसलो होतो.

आणि आता भाऊजी सांगत होते, "रोह्याच्या नानांची वसुधा. बी. कॉम. आहे. मी शब्द टाकलाय." नाना म्हणजे आमच्याच मूर्ती रोह्याच्या पेठेत घरापुढे मांडव घालून विकणारे गृहस्थ. "नाना म्हणाले, तुम्ही म्हणताय तर मुलगा चांगलाच असणार. रविवारी बघायला जायचं."

म्हणजे माझं लग्न भाऊजींच्या शब्दावर लटकलं होतं आणि भाऊजींचा जीव त्या घड्याळात. इतकं साधं गणित होतं. त्यातच आई भाऊजींचे पाय धुवायला तांब्या घेऊन आली. पाणी उडेल म्हणून भाऊजींनी घड्याळ काढलं, आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हातात दिलं, आणि बजावलं, "मधू, सांभाळ. घालू नकोस."

आता इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितल्यावर कोणता मेहुणा ते घालणार नाही?

घातलं. गजाकाकांना दाखवायला कारखान्यात गेलो. अंगण ओलांडताना आईने पाहिलं; भाऊजी मात्र पुढच्या ओटीवर अण्णांना मस्कतच्या गोष्टी सांगण्यात गुंग होते. पुढची 'खर्रर्र' तुम्हाला ठाऊक आहेच.

ओरखडा होता तबकडीच्या कडेला, सोनेरी भागावर. नखाएवढा असेल. पण मला तो पेण-खोपोली रस्त्याएवढा दिसत होता. दुसऱ्या कुठल्याही गावात माणसाने अशा वेळी घड्याळजी गाठला असता. पण आम्ही पेणचे! आमच्याकडे ओरखडा हा अपघात नसतो, कामाचा एक टप्पा असतो. साच्यातून निघालेली एकही मूर्ती ओरखड्याशिवाय बाहेर येत नाही. घासायचं, भरायचं, रंगवायचं, वर व्हार्निश. सोंड तुटलेला गणपती आम्ही असा उभा करतो की खुद्द त्यालाही आठवू नये. तिथे नखाएवढ्या ओरखड्याची काय मिजास!

पहिली धावून आली आई. मला बडवून झाल्यावर तिने घड्याळ पाहिलं आणि निकाल दिला, "चिंच लाव."

"आई, हे पितळेचं निरांजन नाही."

"पितळ इतकं निघतं, मग हे तर भारीतलं आहे. आणखी छान निघेल!"

ती चिंचेचा गोळा घेऊनच आली आणि तिने घड्याळ बंब घासावा तसं घासलं. ओरखडा होता तिथेच राहिला. पट्ट्याच्या कड्यांमधे चिंचेचे धागे अडकले आणि घड्याळाला आमटीचा वास यायला लागला. "तुमचं काय ते तुम्ही बघा, माझी पुरणपोळी तव्यावर आहे," असं म्हणून आई निघून गेली.

मग पुढे सरसावले गजाकाका. हे आमच्या कारखान्यातले सगळ्यात जुने रंगारी. गणपतीचे डोळे रेखायचे ते यांनीच. स्वभाव असा की स्वतःपेक्षा जास्त शहाणा माणूस त्यांनी अजून पाहिला नव्हता, आणि तो भेटू नये म्हणून ते पेणबाहेर जात नव्हते.

"दे रं इकडं. पाच मिनटाचा काम हाय."

"काका, भाऊजींचा जीव आहे त्यात."

"मंग काय त्याचा जीव घासतोय मी? ओरखडा घासतोय."

काकांनी पॉलिश पेपर घेतला आणि घसाघसा सुरुवात केली. पाच मिनिटांनी ओरखडा दिसेनासा झाला हे खरंच. कारण आता सगळं घड्याळच ओरखडा झालं होतं! लखलखणारं सोनेरी घड्याळ राखेत लोळून आलेल्या मांजरासारखं दिसायला लागलं.

"काका! हे काय केलंत?"

"आरं थांब की. घासल्यावर मूर्ती पन भुतासारखीच दिसते. रंग लागू दे, मंग बोल."

मी थांबलो. (आता वाटतं, तिथेच रडायला बसायला हवं होतं.) काकांनी काचेवर कागदाची गोल चकती चिकटवली, मुकुटाचा सोनेरी रंग घेतला आणि घड्याळ रंगवलं. पट्टाही रंगवला, 'सगला येकसारखा दिसाया पायजे' म्हणून. वर व्हार्निशचा हात मारला आणि चकती सोलून काढली. आणि खरं सांगतो, घड्याळ असं झळकलं की शेजारचा मुकुट फिका पडला! मी सुटकेचा श्वास सोडला. भाऊजींना वाटेल, पुसून ठेवलंय.

तेवढ्यात पाहतो तर काकांनी बारीक कुंचला लाल रंगात बुडवलेला. तबकडीच्या कडेला एक लाल खडा, एक हिरवा खडा, एक लाल, एक हिरवा, मधे पांढरे मोत्याचे ठिपके!

"काका! खडे कशाला काढताय?"

काकांनी दचकून हाताकडे पाहिलं. "मी कुठं काडले? हातानं काडले. सोनेरी दिसला का त्याला खडं काडायची सवय हाय."

"पुसा ते!"

"वला हाय. आता पुसलास तर सगला राडा व्हईल. वालू दे, मंग बघू."

इतक्यात घरातून आईची हाक आली, "मधू, अनारसे वाढायला ये रे!" आता हे ओलं घड्याळ ठेवायचं कुठे? पावसाळ्यात आमच्याकडे वाळवायची जागा एकच, दिव्याखाली उभ्या केलेल्या तयार मूर्ती. तिथे एकाच साच्यातले चांगले उंचेपुरे गणपती ओळीने उभे होते. त्यातल्या एकाच्या आशीर्वादाच्या हातातल्या कड्यावरच मी घड्याळ सरकवलं, तबकडी खांद्याच्या बाजूला केली आणि जेवायला पळालो. पळता पळता मागे वळून पाहिलं तर घड्याळ दिसलंच नाही. गणपतीने जन्मापासून घातलेलं कडं वाटत होतं. काय बेमालूम काम, असं वाटून मला क्षणभर अभिमानही वाटला.

पानावर बसल्या बसल्या भाऊजींनी मनगट चोळलं. "घड्याळ रे?"

"देवाजवळ ठेवलंय."

"शाब्बास!" भाऊजी ताईकडे वळून म्हणाले, "बघ, संस्कार आहेत मुलावर. नानांना सांगायला हवं."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि भाऊजींना पुरणपोळी वाढली. त्यांनी नको म्हटलं, तिने वाढली. त्यांनी पानावर आडवे हात धरले, तिने हातांवर वाढली. जावई जितका जास्त जेवेल तितका उशिरा उठेल, हे तिने ओळखलं होतं. वर अनारसे झाले. शेवटी भाऊजी भिंतीला धरून उठले, पलंगापर्यंत पोहोचले आणि घड्याळाची आठवण होण्याआधी घोरायला लागले.

मी कारखान्यात धावलो. दिवा जळत होता. दिव्याखाली जमीन होती. जमिनीवर गणपती नव्हते.

अण्णा दारात हात पुसत उभे होते. "नानांचा टेम्पो भरून दिला बघ. म्हटलं, पाऊस वाढायच्या आत रोह्याला पोचू दे."

अण्णांना काहीच माहीत नव्हतं, आणि त्यांना सांगण्यापेक्षा टेम्पोखाली झोपणं सोपं होतं. मी तसाच निघालो. अंगात रंगाचे शिंतोडे उडालेला शर्ट, बोटं सोनेरी, पायात आईची चप्पल. (घाईत मिळेल ती घातली. एक पट्टा तुटायला आला होता, तो रोह्यापर्यंतच पुरला.) जाता जाता आईला सांगितलं, "रोह्याला जातो. भाऊजी उठले तर काहीतरी सांग."

"काय सांगू?"

"काहीही सांग, खरं सोडून!"

रोह्याची एसटी उभीच होती. माझा हिशोब असा, की टेम्पोवाला गडबला वडापाव खायला थांबतोच. तिथे उतरायचं आणि त्याला गाठायचं. आणि खरोखरच गडब आलं, रस्त्याकडेला टेम्पो उभा दिसला, आत पेंढ्यात बसलेले माझे गणपती दिसले, टेम्पोवाल्याच्या हातातला वडासुद्धा दिसला!

"थांबवा! थांबवा!" मी ओरडलो.

"जलद गाडी हाय, गडबला थांबत नाय," कंडक्टर म्हणाला.

"अहो, माझे गणपती राहिले मागे!"

कंडक्टरने माझ्या सोनेरी बोटांकडे पाहिलं, पायातल्या चपलेकडे पाहिलं, आणि अगदी हळुवार आवाजात म्हणाला, "बस हां बाला. येतील मागनं."

अशा रीतीने मी गणपतींच्या आधी रोह्याला पोहोचलो. पाठलाग करताना मी शिकारीच्याही पुढे निघून गेलो होतो!

आता टेम्पो येईपर्यंत थांबायचं तर नानांच्याच घरी. नाना मांडवाची ताडपत्री बांधत होते. मला पाहून त्यांच्या हातातली दोरी सुटली.

"अरे मधू! रविवारी यायचं ठरलं होतं ना?"

"सहज आलो."

"पेणहून रोह्याला? सहज?"

"पाऊस बरा वाटला," मी म्हणालो. बाहेर विजा कडाडत होत्या.

नाना सज्जन माणूस. त्यांनी आत हाक मारली, "अगं, पोहे टाका. मुलगा आज आला!" आत भांडी पडल्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने वसुधा पोहे घेऊन आली. पुढे मला लोकांनी फार विचारलं, पहिल्यांदा पाहिली तेव्हा काय वाटलं? मी काय सांगू! मी तिला पाहिलंच नाही. मी रस्ता पाहत होतो. बशी हातात आली, मी खाल्ली. परत आली, परत खाल्ली. काकू म्हणजे तिच्या आई, दाराआडून पाहत होत्या आणि मधूनमधून आणखी पोहे टाकायला आत जात होत्या.

"तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा," वसुधा म्हणाली.

"टेम्पो किती वाजेपर्यंत येतो इथे?" मी विचारलं.

तेवढ्यात आत फोन वाजला. नानांनी उचलला. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं, पण पलीकडे भाऊजी आहेत हे नानांच्या आवाजातल्या अदबीवरूनच कळलं. "हो, हो, आलाय. बसलाय… नाही, काही बोलत नाही. रस्त्याकडे बघतोय… पोहे? दोनदा झाले… नाही हो, घड्याळ कसलं? हातात काही नाही त्याच्या… बरं बरं, या."

फोन ठेवून नाना बाहेर आले. "ते पण येतायत. निघालेच. काहीतरी रागात वाटले. कुठल्या देवाजवळ काय ठेवलंय म्हणून विचारत होते."

(नंतर कळलं ते असं: भाऊजी उठले, देवघरात गेले, देव उचलून उचलून पाहिले. तेव्हा आईने सांगितलं, "या देवाजवळ नव्हे हो. दुसऱ्या." 'खरं सोडून काहीही' तिला एवढंच जमलं.)

आणि मग, चांगल्या तासाभराने, टेम्पो आला! मी पायऱ्या न उतरता उडीच मारली. चपलेने तिथे राम म्हटलं. अनवाणी धावत जाऊन मी टेम्पोत चढलो आणि पहिल्या गणपतीला मिठी मारली. नाना कौतुकाने काकूंना म्हणाले, "बघ, मूर्तीवर केवढी माया!" मी एकेक मूर्ती उतरवून मांडवात ठेवली आणि मनगटं पाहायला लागलो. तेवढ्यात लाईट गेले. ताडपत्रीखाली सगळा काळोख. बाहेरून येणाऱ्या अर्धवट उजेडात मी एकेका हातावर वाकून पाहिलं. प्रत्येक गणपतीच्या हातात सोनेरी कडं होतं. प्रत्येक कड्यावर लाल खडा, हिरवा खडा, मधे मोत्याचे ठिपके! गजाकाकांनी घड्याळ इतकं इमानदारीने रंगवलं होतं की ते गणपतीच्या गणगोतात सामील झालं होतं. हलवून पाहावं तर कुठलंच कडं हलेना; व्हार्निश वाळून घड्याळही मनगटाला घट्ट चिकटलं होतं. खांद्याच्या बाजूने बोट घालावं तर जागा नाही.

मग एकच उपाय उरला. मी पहिल्या गणपतीच्या मनगटाला कान लावला. टिकटिक नाही. दुसऱ्याच्या लावला. नाही. तिसऱ्याच्या…

"अहो," काकू घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "हा गणपतीच्या हाताला कान लावून काय करतोय?"

नाना खोल विचारात पडले. मुलगा वेडा निघाला तर भाऊजींचा शब्द खोटा ठरला असता. "कारागीर आहे तो," ते म्हणाले. "मूर्ती आतून वाळली का नाही, ते त्यांना आवाजावरून कळतं."

एवढं ऐकायला अवकाश! पावसामुळे आडोशाला उभे राहिलेले पेठेतले चारपाच जण मांडवात शिरले आणि त्यांनीही मूर्ती ऐकायला सुरुवात केली. "ही ओली आहे!" "छे, ही ठणठणीत!" असे निर्णय व्हायला लागले. मी एका बाजूने, लोक दुसऱ्या बाजूने. शेजारच्या दुर्गाआजी काठी टेकत आल्या आणि त्यांनी डोळे मिटून एका गणपतीच्या हाताला कान लावला. आणि त्या किंचाळल्या,

"अगो बाय! याची नाडी चालतेय!"

मांडवातला प्रत्येक कान त्या हाताकडे वळला. मग सगळे एकदम धावले. ज्याने कान लावला त्याला टिकटिक ऐकू आली. एकाने हात जोडले, एकाने चपला काढल्या, एक जण हार आणायला पळाला. "जागृत हाय! जागृत हाय!" रस्त्यावरची माणसं छत्र्यांसकट आत घुसली. दुर्गाआजी डोळे पुसत म्हणाल्या, "आणि ठोका कसा सांगू, माझ्यापेक्षा बरा हाय गो!" मला पुढे जायलाच मिळेना. माझं घड्याळ समोर, आणि दर्शनाच्या रांगेत मी शेवटचा!

गर्दीतून वाट काढत आली ती वसुधा, हातात विजेरी घेऊन. तिने मनगटामागे उजेड टाकला, वाकून पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा पण अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आजी, नाडी नाही. घड्याळ आहे. साडेपाच झालेत."

लोकांची फारच निराशा झाली. हारवाल्याने हार तसाच परत नेला. वसुधाने सुपारी कातरायच्या अडकित्त्याच्या टोकाने हळूच व्हार्निश सोडवलं आणि घड्याळ काढून हातात घेतलं. नेमक्या त्याच क्षणी मांडवाच्या तोंडाशी रिक्षा थांबली आणि त्यातून उतरले भाऊजी. मागे ताई.

"कुठाय माझं घड्याळ?"

वसुधाने पुढे केलं. भाऊजींनी एक नजर टाकली. "हे जत्रेतलं नको. माझं कुठाय?"

"हेच तुमचं," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. मांडणी, चिंच, पॉलिश पेपर, सोनेरी, खडे. एकेका शब्दाबरोबर भाऊजींचा रंग बदलत होता. (गजाकाकांनी पाहिलं असतं तर शेवटी व्हार्निश मारलं असतं.)

"नाना!" भाऊजी गरजले. "मी टाकलेला शब्द परत घेतो! ज्याला एक घड्याळ सांभाळता येत नाही, तो तुमची मुलगी काय सांभाळणार?"

झालं. मी गणपतीकडे पाहिलं. त्याचा हात आता मोकळा होता, पण आशीर्वाद मिळेल असं वाटत नव्हतं. काकूंनी पोह्यांची रिकामी बशी उचलली, म्हणजे बैठक संपली. नाना भाऊजींना "बसा तरी, बसा तरी" करत होते. आणि वसुधा कोपऱ्यात, मूर्तीवरचे डाग पुसायला ठेवलेला टर्पेंटाइनचा बोळा घेऊन घड्याळ पुसत होती. सोनेरी रंग गेला, खडे गेले, खालचं खरखरीत घड्याळ दिसायला लागलं.

"पॉलिश पेपरची खरखर सोडली तर यावर दोन खोल ओरखडे आहेत," ती म्हणाली.

"असतीलच!" भाऊजी म्हणाले. "याने दोन पाडले असतील!"

"एक आजचा आहे, बाहेरच्या कडेला. दुसरा खालच्या बाजूला, पट्ट्याजवळ. तो भरलाय कशाने तरी." तिने नखाने खरवडलं, नखाकडे पाहिलं, वास घेतला. "सोनेरी नेलपॉलिश आहे."

भाऊजींनी खोकून पाहिलं, पण ती कंपनीचं नाव सांगायची वेळ नव्हती. ताई पुढे झाली. "सोनेरी? दाखव बघू." तिने नीट पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले. "अहो! ही माझी नेलपॉलिश! मी दिवाळीपासून तुमच्या बहिणीवर आळ घेतेय, ती माझ्याशी बोलत नाही, आणि ही तुम्ही घड्याळाला लावलीत?"

"कंपनीच्या गेटवर… जरासं घासलं होतं…" भाऊजींचा आवाज इतका बारीक झाला की दुर्गाआजींनी त्यांच्याकडे कान नेला.

"जरासं? आणि त्या बिचाऱ्या मधूवर ओरडताय? त्याने निदान व्हार्निश तरी मारलं!"

भाऊजींनी घड्याळ खिशात टाकलं. हातात घातलं नाही. मग घसा साफ करून ते नानांना म्हणाले, "बाकी मुलगा… तसा कष्टाळू आहे."

नानांनी आत पाहिलं. काकूंनी वसुधाकडे पाहिलं. वसुधाने माझ्याकडे पाहिलं. मी अनवाणी, सोनेरी, पेंढ्याने भरलेला, एका गणपतीला टेकून उभा. ती आत गेली. आतून काकूंचा आवाज आला, "हो म्हणतेय!"

तुळशीचं लग्न लागलं आणि मागोमाग आमचं. भाऊजींनी घड्याळ मुंबईला नेऊन नवंकोरं करून आणलं आणि कपाटात ठेवलं.

बरीच वर्षं मी मनात एक समजूत जपून होतो, की त्या संध्याकाळी वसुधाला माझ्यात काहीतरी दिसलं असणार. साधेपणा म्हणा, मूर्तींवरचा जीव म्हणा, संकटात न डगमगणं म्हणा. एकदा ती भिजवलेले वाल सोलत बसली होती. मी शेजारी बसलो, चार वाल सोलले, आणि विचारलंच, "इतका गोंधळ डोळ्यांनी बघूनही तू मला हो म्हणालीस. का गं?"

तिने मान वर केली नाही. "अंधार पडत आला होता, पोहे संपले होते, आणि तुम्ही काही जायचं नाव घेत नव्हतात."